पैलभागातले खोटे ठोके

आमच्या दारात ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली तेव्हा मामा ओट्यावर बसून पेरूला तिखटमीठ लावून खात होते.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. नवीन माणसाचा गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. गाडीतून एक तरुण डॉक्टरीण उतरली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, जरा आत झोपता का? ईसीजी काढायचाय."

मामांनी पेरूची फोड तिच्यापुढं धरली. "घे. बिया काढल्यात."

तेवढ्यात आत्या बाहेर आल्या. रंजनाआक्का थोरबोले, कासारवेल नगरपरिषदेच्या नगरसेविका. नदीपलीकडच्या आमच्या पैलभागात त्यांचं नाव घेतल्याशिवाय नळाला पाणी येत नाही असं लोक म्हणतात, आणि ते फारसं चूक नाही. दारातली गाडी बघून त्यांच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

"कुणी बोलावली ही?"

"कुणी नाही, ताई. यंत्रानं इशारा दिलाय. या दारापाशी बसणाऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके..."

"धडधाकट माणूस पेरू खातोय आन् तुम्ही त्याला स्ट्रेचर दाखवताय? आख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली बघा. निघा इथनं."

मी मधे पडले. पडणं भागच होतं. नगरपरिषदेत आपत्कालीन सेवेची समन्वयक मीच, म्हणजे ही गाडी ज्या कंत्राटावर धावते त्यावर लक्ष ठेवायचा पगार मला मिळतो. मी म्हटलं, "आत्या, चुटकीसरशी होईल, काढू दे की तिला." आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं. गाडी गेली. आत्यांनी मामांवरून मीठमिरच्या उतरवल्या आणि गॅसवर जाळल्या. घरभर ठसका झाला.

ऊन उतरायच्या आत मामा न्हाणीच्या दारात कोसळले.

आत्यांनी ॲम्ब्युलन्सचा नंबर लावलाच नाही. त्यांनी दिलावरला हाक मारली. दिलावर मुल्ला त्यांच्या जीपचा ड्रायव्हर, आणि ती जीप म्हणजे पैलभागाची कित्येक वर्षांची ॲम्ब्युलन्स. नदीवरचा पूल अरुंद, त्यात कारखान्याचा हंगाम, उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक. दिलावरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. मामा वाचले.

दुसऱ्या दिवशी पैलभागात एकच विषय. कंपनीची गाडी आली तशी गेली, आक्कांनी स्वतःच्या जीपनं नवरा वाचवला. यंत्राचा इशारा खरा ठरला होता, हे कुणी तोंडानं उच्चारलं नाही. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन झाप झाप झापलं. "या वेळी नशीब म्हणा. पुढच्या वेळी हृदय थांबलं तर जागच्या जागी झटका द्यावा लागेल. जीपमध्ये घालून आणणार असाल तर माझ्याकडं आणू नका, थेट घाटावर न्या."

ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

आता त्या यंत्राबद्दल सांगते. त्याचं नाव चाहूल. आपल्या छातीवर हात ठेवला तर श्वास कळतो, पण हृदयाचा प्रत्येक ठोकाही कातडीला बाहेरून ढकलत असतो, केसाच्या जाडीएवढा. डोळ्यांना ते दिसत नाही. रस्त्याच्या दिव्याच्या खांबावर चाहूलची डबी बसवलीय, ती अगदी बारीक लहरी सोडते. त्या लहरी माणसाच्या छातीवर आपटून परत येतात, आणि परत येताना छाती किती हलली ते सांगतात. माणूस रस्त्यानं चालत असो की ओट्यावर बसलेला असो, त्याचे ठोके मोजले जातात. नाव-गाव यंत्राला कळत नाही. कुठल्या दारापाशी, एवढंच कळतं.

आणि गंमत अशी की निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी, असं ते आपल्या मर्जीनं चालत असतं. बिघडायला लागलेलं हृदय उलट फार शिस्तीत वागायला लागतं. वर्गातली वांड पोरगी एकदम गप्प बसली की आईला जसा संशय येतो, तसा चाहूलला येतो. मग फोन यायच्या आधीच ती गाडी रवाना करते.

पण शिस्तीतली सगळीच हृदयं बंद पडत नाहीत. कुणी औषधावर असतं, कुणाची प्रकृतीच तशी असते. म्हणून चाहूल शिकत राहते. इशारा दिला, त्यानंतर त्या दारातून नंबरवर फोन आला, गाडीनं पेशंट उचलला, तर इशारा खरा. फोन आलाच नाही, तर खोटा. आणि तिथले तसले ठोके पुढच्या वेळी ती कमी मनावर घेते. हे मला पाठ होतं. मी शाळा-कॉलेजांत जाऊन यावर भाषणं दिली होती. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडायला कंत्राटाची मुदत संपायची वेळ यावी लागली.

नवं कंत्राट पुढची पाच वर्षं चालणार होतं. त्यात गाड्या कुठं उभ्या करायच्या ते फक्त चाहूल ठरवणार होती, नगरसेवकांचा हात लागणार नव्हता. सगळ्यांना हे पसंत होतं, मलाही. कंपनीचे सौमित्र कानविंदे माझ्या टेबलावर नकाशा उघडून बसले. गृहस्थ सज्जन, आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी बघितलं नाही. नकाशावर जिथं जास्त गरज तिथं गडद तांबडा रंग होता. हायवेलगतच्या सोसायट्या पेटल्यासारख्या दिसत होत्या. पैलभाग धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा.

"पैलभागातली गाडी काढून हायवेला देतोय," ते म्हणाले. "तिथं खरं तर कधी गरज लागलेलीच नाही."

"अहो, पैलभागात निम्मी माणसं फाउंड्रीत कामाला आहेत. म्हातारी माणसं सगळ्यांत जास्त तिथंच."

"इशारे येतात ना, भरपूर येतात. पण सगळे खोटे निघतात, मॅडम. फोनच येत नाहीत. चाहूलनं आता तिथले इशारे जवळजवळ सोडूनच दिलेत."

मी त्यांना मामांचा दिवस काढायला सांगितला. आमची गल्ली, आमचं दार. शेरा होता: कुटुंबाचा नकार, नंतर फोन नाही, इशारा खोटा.

माझ्या डोळ्यांदेखत न्हाणीच्या दारात पडलेला माणूस यंत्राच्या लेखी कधी पडलाच नव्हता. आणि एकटे मामाच नव्हेत. पैलभागात कुणाला दम लागला, कुणाला चक्कर आली, कुणाच्या छातीत कळ आली, तर लोक नंबर लावत नाहीत, आक्काला लावतात. आक्का दिलावरला पाठवतात. चाहूलला त्यातलं काहीही दिसत नाही. तिला एवढंच दिसतं की पैलभागातली हृदयं उगाच घाबरवतात.

"दिलावरनं नेलेले पेशंट मी भरून देते," मी म्हटलं. "हॉस्पिटलमधून पडताळून देते."

कानविंदेंनी मान हलवली. "बाहेरून भरलेलं काहीच धरत नाही ती. मागच्या कंत्राटदारानं बोगस फेऱ्या दाखवल्या होत्या, आठवतंय? त्यानंतर तुमच्याच सभागृहानं अट घातली. आजारी माणूस जिथं आहे तिथूनच फोन आला पाहिजे, आणि गाडी तो फोन जिथं आहे तिथंच जाणार. दुसऱ्या गावात बसून कुणी कुणासाठी गाडी मागवू शकत नाही."

"मग उपाय काय?"

"फोन. सर्वसाधारण सभेला अजून थोडे दिवस आहेत. तोपर्यंत पैलभागातून खरे फोन यायला लागले तर चाहूल स्वतःच गाडी ठेवेल. ती हट्टी नाही. तिला कुणी काही सांगितलंच नाहीये, एवढंच."

घरी गेले तेव्हा आत्या मेथी निवडत होत्या. मी समोर बसले, एक जुडी ओढली आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही तेच कळेना, हात चालूच होते.

"म्हंजे मी लोकांचं फोन उचलायचं न्हाईत," शेवटी त्या म्हणाल्या.

"सभेपर्यंत तरी."

"त्यापेक्षा मला मर म्हण."

"आत्या, गाडी गेली की पुलावरून दुसरी यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहितीये. मामांना पुढच्या वेळी झटका द्यायचं मशीन लागणार आहे. ते दिलावरच्या जीपमध्ये नाही. गाडी पैलभागात राहिली तर मामा राहतील. एवढं सरळ आहे हे."

आत्यांनी मेथीची काडी मोडली आणि तशीच हातात धरून बसल्या. "माझा दादा गेला तवा बी नंबर होताच की. आम्ही लावला. बाई म्हणाली, गाडी निघाली. आम्ही रस्त्याकडं डोळं लावून बसलो. गाडी दुसऱ्या दिवशी बी आली न्हाई. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या माणसांनी कुणाची वाट बघत मरायचं न्हाई. कुणी बी हाक मारली की मी जाणार. इलेक्शन-बिलेक्शन नंतरचं."

हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मी मागं हटले नाही. "तेव्हा कुणी आलं नाही म्हणून तुम्ही धावायला लागलात. आता येणारी गाडी आहे, आणि तुम्ही धावता म्हणून ती निघून चाललीय."

"लई बोललीस," आत्या म्हणाल्या. "जा, कुकर लाव."

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तर आत्या पदर खोचून बाहेर पडलेल्या. पैलभागातल्या एकेका दारात जाऊन सांगत होत्या: मला फोन करू नका, मी उचलणार न्हाई, काय झालं तरी नंबर लावा. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांना कधी नाही म्हटलं नव्हतं. पहिल्या चार-पाच घरांत तर माणसं हसली, त्यांना चेष्टाच वाटली. मग तोंडं उतरली. संध्याकाळपर्यंत त्यांचे विरोधक वसंतराव इंगवले पानाच्या टपरीवर सांगत होते की आक्काला कंपनीनं खिशात घातली. आणि लोक मान डोलवत होते, ज्यांच्या घरातली बाळंतपणं जीपमध्ये झाली ते लोकसुद्धा.

फोन यायचे ते आलेच. अंगवळणी पडलेली गोष्ट, सांगून थोडीच सुटते. एका दुपारी हौसाबाई कोळ्यांचा आला. त्यांना दमा. आत्या कॉटवर बसल्या होत्या, फोन त्यांनी मांडीखाली दाबला. तो तिथं थरथरत राहिला. पलीकडच्या खुर्चीवरून मामा म्हणाले, "उचल की गं, हौसा असंल."

"गप बसा तुम्ही."

फोन थांबला. आत्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. मी खिडकीत उभी होते. बराच वेळ काहीच नाही. मला वाटायला लागलं की आपण एका म्हातारीचा जीव घेतला, नकाशावरच्या रंगासाठी. आणि मग चौकातून सायरन सुरू झाला आणि कोळीवाड्याकडं वळला. आत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या.

हौसाबाई बऱ्या होऊन आल्या त्या थेट आमच्या दारात. आत येईनात. "आक्का, त्या गाडीत एक पोरगी मला आजी आजी करत हुती. चांगली पोरगी हाय. पण मी मत तुला दिलंय, तिला न्हाई." हौसाबाई चहा न घेता गेल्या.

त्या आठवड्यात नकाशावर कोळीवाड्याच्या जागी फिकट गुलाबी ठिपका उमटला. मी फोटो काढून आत्यांना दाखवला.

"एवढुसा?"

"एकेक करून होईल."

झालंही तसंच. परटाच्या गल्लीत एक, मशिदीमागं एक, फाउंड्रीच्या चाळीत दोन. आत्यांना लोक रस्त्यात टाळायला लागले आणि पैलभाग हळूहळू तांबूस व्हायला लागला. कानविंदेंनी मला सांगितलं की अजून जरासं कमी पडतंय, पण आशा आहे.

आत्यांनी आख्ख्या पैलभागाला सांगितलं होतं. मामांना कुणी सांगितलं नाही. ते घरातच होते, सगळं ऐकत होते, हौसाबाईंचा फोन थरथरताना त्यांनी बघितला होता. पण ते सगळं लोकांसाठी होतं. आत्यांनाही तसंच वाटलं असणार, आणि मलाही तसंच वाटलं. घरच्या माणसाला असं समोर बसवून कोण काय सांगतं?

सभेच्या दिवशी मामा घरी एकटेच होते. माझा मुलगा शाळेत, नवरा पुण्याला, दिलावर आम्हाला जीपमधून नगरपरिषदेत सोडून खाली थांबलेला. सभागृहाला लागूनच नियंत्रण कक्ष आहे, मधे काचेचं दार. कंत्राटाचा विषय पुकारला गेला तेव्हा मी नियंत्रण कक्षात पडद्यासमोर होते, कारण कुणी प्रश्न विचारला तर नकाशा मलाच दाखवायचा होता.

इंगवले उभे राहून बोलत होते. पैलभागातली गाडी काढणं कसं योग्य आहे, यंत्र पक्षपात करत नाही, वगैरे. मी पडद्याकडं बघितलं आणि आमच्या गल्लीवर एक ठिपका दिसला. फिकट, इतका फिकट की मला आधी पडद्यावर डाग वाटला. मी बोटानं पुसून बघितला.

ठिपक्याजवळ शब्द होते: इशारा, विश्वास कमी, गाडी पाठवलेली नाही.

चाहूलला मामांचे ठोके ऐकू येत होते. पण मागच्या वेळी याच दारातला इशारा खोटा निघाला होता. आमच्या दारावर तिचा विश्वास उरला नव्हता. गाडी पैलभागाच्या चौकात उभी होती, आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिला कुणी सांगत नव्हतं. नियंत्रण कक्षातून हातानं गाडी पाठवायची सोयच नव्हती. मी माझा फोन काढला आणि परत ठेवला. मी लावला असता तर गाडी पूल ओलांडून नगरपरिषदेच्या दारात आली असती. मामांना लावला तर त्यांचा फोन व्यस्त.

मी काचेचं दार ढकलून सभागृहात गेले.

आत्यांचा फोन टेबलावर थरथरत होता. फोनच्या पडद्यावर मामांचा फोटो, लग्नातला, फेट्यातला. आत्या त्याच्याकडं बघत होत्या. त्यांनी मान वर केली, मला दारात बघितलं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं. अजून इंगवले बोलतच होते. थांबून म्हणाले, "घ्या की आक्का, कंपनीचाच असंल." सभागृह हसलं.

आत्यांनी फोन कानाला लावला. मी इतकी जवळ होते की मला मामांचा आवाज आला. श्वास पुरत नव्हता त्यांना.

"रंजना. छातीत... तू ये."

"अहो, नंबर लावा."

"तू ये गं."

"मी येत न्हाई. फोन ठेवा आन् नंबर लावा." आणि आत्यांनी फोन बंद केला.

इंगवल्यांच्या हातातला कागद तसाच राहिला. फोन परत वाजला. फेट्यातले मामा. आत्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. पलीकडच्या बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, "अहो आक्का, उचला ना." आत्यांनी उचलला नाही. त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होत्या कुणास ठाऊक. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि थांबला.

का थांबला? त्यांनी नंबर लावायला ठेवला, की हातातून पडला? आत्या माझ्याकडं बघत होत्या. मी परत धावत नियंत्रण कक्षात आले. ठिपका तसाच, फिकट. मी टेबलाला धरून उभी राहिले. लाव, मामा, लाव की रे बाबा, मी मोठ्यानं म्हणत होते. माझ्या सासऱ्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे करत होते आणि त्याचं मला भान नव्हतं. बाहेर सगळी नगरपरिषद काचेला नाक लावून उभी होती.

ठिपका लालभडक झाला. फोन आला होता. चौकातली गाडी हलली. आत्या आणि मी जीपकडं धावलो.

डॉक्टरीण तीच होती. तिनं नंतर मला सांगितलं की ती पोचली तेव्हा मामा ओट्यावर होते, फोन हातात, आणि हृदय नुकतंच थांबलेलं. तिथंच ओट्यावर झटका दिला, दुसऱ्या झटक्याला परत सुरू झालं. दिलावरची जीप तेव्हा पुलाच्या या टोकाला, आमच्यासकट, ट्रॅक्टरांमागं अडकली होती.

सभेत कुणी मतच मागितलं नाही. चाहूलनं त्याच दुपारी नवा नकाशा काढला आणि पैलभागाची गाडी पैलभागात ठेवली. कंत्राटाच्या ठरावाला इंगवल्यांनी स्वतः सूचक म्हणून नाव दिलं. मला कानविंदेंचा फोन आला, माणूस अक्षरशः रडत होता. मीही रडले, पण आनंदानं. वाटलं, जिंकलो आपण, सगळेच.

मामा घरी आले. बरे दिसत होते. बोलायचे कमी, पण ते पहिल्यापासूनच कमी बोलतात. एकदा मी त्यांना गोळ्या द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "मला वाटलं, लाईन कट झाली. म्हणून परत लावला तुझ्या आत्यांना."

मी म्हटलं, "मामा, त्यांना तसं करणं भागच होतं. तुमच्यासाठीच."

"व्हय व्हय. सांगितलं तिनं मला. बरोबर केलं तिनं." आणि त्यांनी गोळी पाण्याबरोबर घेतली. रागावलेले नव्हते ते. राग असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झाले असते दोघं.

आत्या त्यांच्या मागं मागं असायच्या. चहा, काढा, पाठीला उशी. मामा प्रत्येक वेळी "असू दे, असू दे" म्हणायचे, पाहुण्याच्या घरी म्हणतात तसं. पूर्वी घरात शिरल्या शिरल्या "रंजनाऽ" अशी हाक यायची, चप्पल काढायच्या आधी. कात्री कुठाय, रंजना. टीव्हीचा आवाज वाढव, रंजना. ती हाक बंद झाली होती. कात्री ते स्वतः शोधायचे.

परवा दुपारची गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते, आत्या मधल्या खोलीत साड्यांच्या घड्या घालत होत्या. पुढच्या खोलीत कॉटवर मामा. दोन्ही खोल्यांच्या मधे नुसता पडदा. मला मामांचा आवाज आला, हळू, नम्र, सरकारी कचेरीत बोलतात तसा. मी बाहेर आले. आत्यांनी पडदा बाजूला केलेला होता आणि त्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मामांची आमच्याकडं पाठ होती, फोन कानाला.

"व्हय, पैलभाग. व्हय, छातीतच, जरा जरा."

पलीकडून यंत्राचा बाईसारखा आवाज आला, फोनचा आवाज मोठा केलेला होता. "काळजी करू नका, गाडी निघाली आहे. तुमच्याजवळ कोणी आहे का?"

मामांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"न्हाई," ते म्हणाले. "कुणी न्हाई."

आत्या तिथंच होत्या, हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. त्यांनी तोंडावर पदर दाबला. बाहेर चौकातली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग दारात ब्रेक लागला. डॉक्टरीण पिशवी घेऊन आत आली. आत्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी तिला वाट दिली.